पेरूची फांदी आडवी का करतात?

परभणीजवळच्या काळ्या रानातली पेरूची बाग. पाऊस ओसरला की फांद्या बांधायचं काम निघतं. मावशी अंगठ्याएवढी फांदी मुठीत धरून बेताबेताने खाली आणतात. आत चरचर झाली की हात थांबतो. मग सुतळीचा फास, दुसरं टोक जमिनीतल्या खुंटीला. जुनी पानं ओरबाडून काढायची, शेंड्याची तेवढी राखायची.

"उभी सोडली की पानावर जाती, मालावर येत नाही बघा," मावशी म्हणाल्या.

उभ्या फांदीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. फांदी आडवी झाली की शेंड्याची ही सत्ता ढिली पडते, वरच्या अंगाचे डोळे फुटतात. पेरूला फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं. फुटवे जास्त, तर कळी जास्त.

पण मुळात फांदी किती कोनात निघावी, हे बरंचसं वाणात ठरलेलं असतं. अलाहाबाद सफेदाचं झाड उंच, ताठ जातं. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात त्याच्याच रोपांतून निवडलेला सरदार, म्हणजे एल-४९, मात्र बुटका आणि पसरट. मावशींचा हात हलका चालतो, त्याचं निम्मं श्रेय मी त्या निवडीला देतो.

हा कोन ठरवणारा एक जनुक शास्त्रज्ञांना आधी भातात सापडला, २००७ साली. नाव टॅक-१. पुढे २०१३ मध्ये पीचच्या खांबासारख्या सरळसोट झाडांत हाच जनुक बिघडलेला आढळला. तो चालू असेल तर फांदी बाहेर झुकते, बंद पडला तर खोडाला बिलगून वर जाते. लेझी-१ हा दुसरा जनुक याच्या उलट, फांदीला वर ओढणारा.

२०१८ मधलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपाला सलग अंधारात ठेवलं, तर टॅक-१ हळूहळू थंडावतो आणि फांद्यांचा कोन आवळतो. नेहमीच्या रात्रीने मात्र तो इतका खाली जात नाही. उजेडातही प्रकाशसंश्लेषण रोखणारं औषध दिलं तर तो मंदावतोच. म्हणजे झाड नुसता उजेड जोखत नाही, त्यातून अन्न किती तयार होतंय तेही जोखतं.

हे प्रयोग पेरूवरचे नाहीत. तरी दाट ओळींत शिरून पाहा: आतल्या फांद्या काठीसारख्या वर धावलेल्या, बेचकं अरुंद. अशा बेचक्यात साल आत दबते, सांधा कच्चा राहतो आणि माल लागला की फांदी तिथेच चिरते. म्हणून सघन लागवड करणाऱ्याने छाटणीचा आळस करू नये. सुतळीने कोन बदलेल, पण आत ऊन पोचलं नाही तर नवी फूट पुन्हा उभीच निघेल.

आणि बांधलेल्या सुतळ्या अधूनमधून सैल करा. फांदी जाड होते, सुतळी सालीत रुतते.