संसारातील जिव्हाळा आणि धम्म

विहारात पती-पत्नी शेजारी बसून त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात. घरी आल्यावर मात्र पेरणीचे कर्ज, मुलीची फी किंवा म्हाताऱ्या आईचे औषध यांवरून अबोला धरतात. धनजसारख्या गावात काय, शहरात काय, हे सर्वत्र घडते. मग श्रद्धेने त्यांना जवळ आणले असे म्हणता येईल काय? आम्हांस वाटते, एक श्रद्धा असणे ही केवळ सुरुवात आहे. घरच्या अडचणी मिळून सोडविण्यास ती उपयोगी पडली, तरच संसारात जिव्हाळा येतो.

अंगुत्तर निकायात भग्ग देशातील नकुलपिता व नकुलमाता या उपासक दांपत्याची हकिकत आहे. नकुलपिता फार आजारी पडला. नुसता धीर देऊन नकुलमाता थांबली नाही. त्याच्या मनात कोणत्या काळज्या असतील, त्या तिने एक-एक करून बोलून दाखविल्या. मुलाबाळांचे कसे होईल? तर मला सूत कातता येते, घर मी चालवीन. मी दुसरे घर करीन ही शंका? तर सोळा वर्षांचे आपले शीलाचे जीवन तुम्ही जाणताच. धम्मावरील निष्ठेबद्दलही तिने अशीच ग्वाही दिली. पुढे बरा होऊन नकुलपिता काठी टेकीत भगवंतांकडे गेला. अशी हितचिंतक, उपदेश करणारी पत्नी लाभणे हा तुझा मोठा लाभ आहे, असे तथागतांनी त्यास सांगितले.

येथे पहिला प्रश्न पोटाचा आला, मग विश्वासाचा, नंतर धम्माचा. कापूस पिकविणाऱ्या आपल्या वऱ्हाडातील माय-बहिणींना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

परंतु मन मोकळे होण्यास बरोबरी लागते. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा व घरचा अधिकार तिच्याकडे सोपवावा, असे सांगितले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत, लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, असे बजाविले. जेथे पाचवे शील मोडून दारू येते, हात उगारला जातो, तेथे भीती राहते, जवळीक राहत नाही. ते मुकाट्याने सोसणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो. वाचन संपल्यावर घरी घटकाभर पती-पत्नींनी घराच्या हिशेबाची वहीही मिळून उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.

भवतु सब्ब मंगलम्‌!