दोन सशांचे अकरा झाले

ऊस, पाणी, खते, फार तर गाई-म्हशी, यांपलीकडचा विषय या पानावर क्वचितच येतो. ससे पाळणे हा काही आपल्या सभासदांचा जोडधंदा नव्हे. तरी पण मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून सशांची जोडी आणलेली घरे वाड्या-वस्त्यांवर आता दिसू लागली आहेत. त्यांतलेच एक घर आमचे. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्याच्या घरी होऊ नयेत, एवढ्यासाठी हे चार शब्द.

2023 च्या दिवाळीत धाकटीच्या हट्टामुळे आम्ही दोन पांढरे ससे आणले. विकणाऱ्याने दोघांना उलटे करून दाखवले आणि म्हणाला, "दोन्ही माद्याच हायत्या, बिनघोर ऱ्हावा." आम्हीही मान डोलावली. गाई-म्हशी-शेळ्यांत जन्म गेलेले आम्ही, सशापुढे मात्र अडाणी निघालो. गोठ्याच्या कडेला जाळीचे खुराडे केले आणि दोघांना एकत्र ठेवून दिले.

पुढे कारखान्याचा हंगाम जोरात आला. आमच्या उसाला तोड मिळाली, टोळी रानात उतरली आणि सशांकडे बघायला धाकटीशिवाय कोणी उरले नाही. संक्रांतीच्या दिवशी तीच रडत आली. एक ससा तोंडात गवताच्या काड्या धरून कोपऱ्यात नेत होता आणि मधूनच स्वतःच्या गळ्याखालचे, पोटाचे केस उपटत होता. आम्हाला वाटले, खरूज झाली. कडुनिंबाचे तेल लावायला निघालो, तेव्हा आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आरं, ही खाज न्हवं. ही व्यायला झालीया. पोरांसाठी गादी करतीया." आम्ही हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी, 16 जानेवारीच्या पहाटे, खुराड्यात सात पिल्ले होती. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, करंगळीएवढी गुलाबी. त्यांतली दोन गवताबाहेर उघड्या जाळीवर पडून थंडीने गेलेली होती.

पहिली चूक : नर तिथेच राहिला

दुसऱ्या दिवशी आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "नर कुठाय?"

"तिथंच आहे, साहेब. त्याच खुराड्यात."

"व्याली तेव्हापासून?"

"पहिल्यापासूनच, साहेब."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मग दादा, एकतीस दिवस मोजा. कॅलेंडरवर खूण करून ठेवा."

त्यांनी समजावून सांगितले ते सर्वांनी ध्यानात घ्यावे. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते, तशी सशाची पाळी ठरलेली नसते. नराचा संग झाल्यावरच मादीचे बीज सुटते, साधारण दहा तासांनी. त्यामुळे कोणताही दिवस सुरक्षित धरता येत नाही. त्यातून व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्या भाषेत सांगायचे तर लागण तुटली की त्याच बुडख्यातून खोडवा फुटायला लागतो, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की उसाला आपण खत-पाणी देतो. इथे एकाच मादीच्या अंगावर पाच पिल्ले पीत होती आणि पोटात पुढचे वेत वाढत होते.

म्हणून मादी गाभण असल्याचा संशय आला, की त्याच दिवशी नर वेगळा करावा. व्याल्यावर नव्हे, त्याच्या आधी. मधे जाळी ठेवली तर दोघे एकमेकांना बघू शकतात, एकटे पडत नाहीत. संग मात्र होता कामा नये.

गाभण आहे हे ओळखावे कसे?

गर्भ तीस ते बत्तीस दिवसांचा. लहान जातीची मादी साडेतीन-चार महिन्यांतच गाभण राहू शकते. "अजून पिल्लूच आहे" असे समजून आम्ही जसे गाफील राहिलो, तसे राहू नये. बारा-चौदा दिवसांनी जाणकार डॉक्टर पोट हळूच चाचपून सांगू शकतात. तेव्हा गर्भ द्राक्षाच्या मण्याएवढे असतात. घरच्या माणसाने हा प्रयोग करू नये, दाबाने गर्भाला इजा होते. हे इतक्या लवकर कळले, तर शस्त्रक्रियेने गर्भाशयच काढून पुढचा प्रश्न मिटवता येतो. तो निर्णय मादीचे वय आणि प्रकृती पाहून सशांची शस्त्रक्रिया जाणणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

केस उपटणारी प्रत्येक मादी गाभण असतेच असेही नाही. दोन माद्या एकत्र असल्या तरी एखादीला खोटा गाभ राहतो. ती घर करते, केस उपटते आणि सोळा-अठरा दिवसांत सारे निवळते. पण खात्री होईपर्यंत तयारी खरीच ठेवावी.

दुसरी चूक : आईवर विश्वास ठेवला नाही

पाच पिल्ले उरली. मादी दिवसभर त्यांच्याकडे फिरकेना. गाईचे वासरू चार वेळा लुचताना पाहणाऱ्या आमच्या डोळ्यांना ते सोसवेना. घरच्या मंडळींनी कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजायला घेतले. एका पिल्लाच्या नाकात दूध गेले आणि ते संध्याकाळपर्यंत गेले. धाकटी दोन दिवस जेवली नाही. ते पिल्लू थंडीने मेले नव्हते, भुकेनेही नव्हते. आमच्या मायेने मेले होते.

सशाची आई पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि तीन-चार मिनिटांत उठून जाते. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असते, म्हणून तेवढ्यावर भागते. ती दूर राहते ती निष्काळजीपणाने नव्हे. कुत्र्या-कोल्ह्याला पिल्लांचा वास लागू नये म्हणून निसर्गाने तिला ती सवय लावली आहे. पिल्ले प्यालेली आहेत का, हे सकाळी त्यांच्या पोटावरून कळते. पोट टम्म गोल आणि पिल्लू उबेत शांत पडलेले असेल, तर काही करू नये. कातडीला सुरकुत्या आणि पिल्लू गार असेल, तर आधी ऊब द्यावी आणि डॉक्टर गाठावा. गार पिल्लाला दूध कधीच पाजू नये.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असे आपल्याकडे म्हणतात. पाळीव सशात तसे होत नाही. हात स्वच्छ धुऊन, तिच्या खालचे गवत हाताला चोळून, दिवसातून एकदा पिल्ले मोजावीत आणि मेलेले असेल ते काढून टाकावे. एवढे करावेच.

दुसरे वेत

डॉक्टरांनी सांगितले तसेच झाले. 16 फेब्रुवारीच्या पहाटे, बरोबर एकतिसाव्या दिवशी, मादी पुन्हा व्याली. या वेळी सहा पिल्ले. पण आता आम्ही तयार होतो.

पहिल्या वेताची चार पिल्ले महिन्याची होऊन गवत खाऊ लागली होती. ती दुसऱ्या वेताच्या तीन दिवस आधी शेजारच्या कप्प्यात हलवली. एरवी पिल्लांना सहा ते आठ आठवडे आईजवळ ठेवावे. पण पोटातल्या वेताने आमच्या हातात तेवढे दिवस ठेवले नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या चौघांवर बारीक नजर ठेवली, वाळले गवत पुढ्यात सतत ठेवले आणि ती तगली.

मादीसाठी सत्ताविसाव्या दिवशी लाकडी खोके ठेवले. दीड फूट लांब, फूटभर रुंद, एका बाजूला वीतभर उंबरा, म्हणजे आई आत-बाहेर करते आणि पिल्ले बाहेर सांडत नाहीत. आत मऊ वाळलेले गवत घातले. उसाचे पाचट घरात कितीही असले तरी घालू नये. त्याची धार पिल्लांच्या कोवळ्या कातडीला सोसत नाही. आईने उपटलेले केस कधीही काढून टाकू नयेत. तीच पिल्लांची रजई.

खाण्याचे म्हणाल तर वाळले गवत भरपूर आणि त्याबरोबर लसूणघास. लसूणघासात प्रथिने आणि चुना जास्त, म्हणून गाभण आणि पाजणाऱ्या मादीला तो चालतो. एरवी मोठ्या सशाला तो रोजचा नको. खाणे बदलायचे ते हळूहळू. गाई-म्हशींची गोळीपेंड, गूळ, उसाचे कांडे, भाकरी यांतले काही देऊ नये. आपण साखरेचे मालक असलो तरी सशाच्या पोटाला गोड मानवत नाही. पाणी मात्र रात्रंदिवस हवे. पाणी आटले की दूध आटते, आणि तहानलेली, घाबरलेली मादी कधी कधी स्वतःचीच पिल्ले खाते.

सहांतले एक पिल्लू जन्मतःच मेलेले होते. पाच जगली. दहा-बारा दिवसांत डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्यात खोक्याबाहेर उड्या मारू लागली.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा : मादी अर्ध्या तासाच्या वर कळा देते पण पिल्लू येत नाही, रक्त जाते, शेवटच्या दिवसांत खाणे सोडते, किंवा सड गरम, कडक, निळसर होतात. घरात उरलेल्या माणसांच्या कॅपसुली तर मुळीच देऊ नयेत. पेनिसिलीनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिली, तर सशाच्या पोटातले उपयुक्त जंतू मरतात आणि ससाही दगावतो.

आता इतक्यांचे करायचे काय?

एप्रिल आला तसे लोक सल्ले देऊ लागले. एक शेजारी म्हणाले, "एवढा डोकेदुखीचा संसार कशाला? सोडा की उसात. ऊस खात हिंडतील." खरे सांगायचे तर एका रात्री आमच्याही मनात ते येऊन गेले. अकरा तोंडे, दोन कप्पे, आणि उन्हाची काहिली सुरू झालेली.

पण आमच्या तोडीच्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. टोळीतल्या एका पोराला फडात रानसशाचे पिल्लू सापडले होते. ते घेऊन तो धाकटीकडे आला, "ह्यालाबी ठेवा तुमच्यात." त्या पिल्लाच्या अंगावर दाट केस, डोळे टक्क उघडे. रानससा आणि पाळीव ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांचा संकर होत नाही. रानसशाचे पिल्लू केस-डोळ्यांसह जन्मते आणि उघड्यावर दबा धरून बसायचे जन्मतःच जाणते. त्याची आईही दिवसभर जवळ नसते, म्हणून ते पोरके दिसते, पण असतेच असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, घरी ठेवणे गुन्हा आहे. आम्ही ते पिल्लू सांजेला त्याच फडाच्या बांधावर गवतात ठेवून आलो.

जे रानात जन्मले ते रानात जगते. खुराड्यात जन्मलेला पांढरा ससा उसात सोडला, तर कुत्री, मुंगूस, कोल्हा त्याला दोन दिवस ठेवणार नाहीत. आणि समजा जगलाच, तर तेही बरे नव्हे. ऑस्ट्रेलियात 1859 साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने व्हिक्टोरिया प्रांतातल्या आपल्या जमिनीवर इंग्लंडहून आणलेले ससे सोडले. पन्नास वर्षांच्या आत ते खंडभर पसरले, पिके आणि कुरणे फस्त झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1901 ते 1907 या काळात शेकडो मैलांचे कुंपण घातले, तरी ते आवरले नाहीत. शेतकऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

तेव्हा सरळ मार्ग धरला. दहा आठवडे झाले तसे डॉक्टरांकडून प्रत्येक पिल्लू तपासून नर आणि माद्या वेगळ्या केल्या. भाऊ-बहीण हा विचार सशाला नसतो. मग एकेक करून सात पिल्ले ओळखीच्या घरी दिली. एका घरी दोन द्यायची तर दोन्ही माद्याच, त्याही तपासून. घरी दोन माद्या ठेवल्या. नराचे खच्चीकरण करून घेतले. त्यानंतरही पाच-सहा आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस तो जाळीपलीकडेच होता. मादी भरून निघाल्यावर तिचेही गर्भाशय काढून घेतले. चार वर्षांपुढच्या मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार असते, त्यामुळे यात तिचाही फायदा आहे. सशाला भूल देणे नाजूक काम असते. ते जमणारा डॉक्टर विचारून गाठावा. शिरवळसारख्या ठिकाणी पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तिथे चौकशी करता येते.

सभासद बंधू-भगिनींनो, मुलाने ससा मागितला तर नाही म्हणा असे आमचे सांगणे नाही. जोडी आणलीत, तर त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात नेऊन नर-मादी तपासून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर राहू नका. एवढे आम्ही दिवाळीत केले असते, तर ती तीन पिल्ले आमच्या हातून गेली नसती. धाकटी अजून त्यांची आठवण काढते. आम्ही तिला काही उत्तर देत नाही.