भीति आणि आईचा चेहरा

जठारपेठेंतील एखाद्या घरांत संध्याकाळच्या वेळीं दीड वर्षाचें मूल अंगणांत खेळत आहे, अशी कल्पना करावी. फाटकांतून कुत्रें आंत येतें. मूल क्षणभर कुत्र्याकडे पाहतें आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहतें. आईस लहानपणापासून कुत्र्याची धास्ती. ती ओरडत नाहीं. पण तिचे डोळे विस्फारतात आणि ती मुलाला झटकन् कडेवर उचलते. मागाहून "भूभू चांगला असतो हं" असें तिनें कितीही समजावलें, तरी मुलानें पाहावयाचें तें पाहिलेलें असतें. रात्रीं तिला टोचणी लागते: आपली भीति आपण लेंकराच्या पदरांत टाकली कीं काय?

ही चिंता अगदींच निराधार नाहीं. मूल वर्षाचें होतां होतां, संशयाच्या प्रसंगीं, ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा सल्ला घेऊं लागतें. अमेरिकेंतील जेम्स सोर्स, रॉबर्ट एम्डे, जोसेफ कँपोस आणि मेरी क्लिनर्ट यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत बोलका आहे. जाड कांचेखालीं सुमारें ३० सेंटिमीटर खोल पायरी दिसेल अशी एक मेजासारखी रचना. अलीकडे वर्षाचें मूल, पलीकडे आई. आईनें हंसरा चेहरा ठेवला तेव्हां १९ पैकीं १४ मुलें कांच ओलांडून गेलीं. तिनें भ्यालेला चेहरा केला तेव्हां १७ पैकीं एकही गेलें नाहीं. एक शब्द कोणी बोललें नव्हतें! परंतु जेथें खोली मुळींच दिसत नव्हती, तेथें बहुतेक मुलांनीं आईकडे पाहिलेंच नाहीं. म्हणजे आईची प्रत्येक धडधड मूल टिपून घेतें असें नव्हे. स्वतःस उमगत नाहीं तेथेंच तें विचारतें.

शिवाय भित्रेपणाचा कांहीं अंश उपजतच असतो. त्याचा सारा दोष आईच्या माथीं मारणें अन्यायाचें होय.

दिलासा देणारी गोष्ट निराळीच आहे, आणि ती माकडांनीं शिकविली. प्रयोगशाळेंत वाढलेलीं माकडें सापास भीत नसत. भ्यालेलें माकड पाहिलें कीं थोड्याच वेळांत भिऊं लागत. सुसान मिनेका व मायकेल कुक यांनीं १९८६ सालीं दाखविलें कीं, सापापुढें निर्धास्त बसलेलें माकड आधीं पाहिलें असेल, तर पुढें भ्यालेलें माकड पाहूनही बहुतेक माकडें भीत नाहींत. देवीच्या टोंचणीसारखाच हा प्रकार! तेव्हां आईनें एका रात्रींत शूर होण्याची गरज नाहीं. पहिली ओळख काकानें, आजीनें, शेजारच्या धीट मुलीनें करून द्यावी. आईनें चार पावलें मागें उभें राहावें.

भीति बसलीच असेल तरी ती उतरते. मेरी कव्हर जोन्स यांनीं १९२४ सालीं पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीति घालविली. मुलगा आवडीचें खात असतां ससा दूर ठेवावयाचा, मग थोडा जवळ. न भिणारीं मुलेंही सोबत असावयाचीं. घाई नाहीं, बळजबरी नाहीं. "कुत्र्याला हात लाव, भित्रा कुठला!" असें म्हणणाऱ्या वडिलांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

नकळत दिलेल्या भीतीपेक्षां हेतुपुरस्सर दिलेली भीति अधिक दोषास्पद म्हटली पाहिजे. घांस संपवीत नाहीं म्हणून बागुलबुवास हांक, झोंपत नाहीं म्हणून पोलिसाची धमकी! विवाहानंतर कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह ज्या बालशिक्षणाचा पुरस्कार केला, त्यांत धाक व मार यांना थारा नव्हता. त्या गोष्टीस शंभर वर्षें होत आलीं, तरी बागुलबुवा कित्येक स्वयंपाकघरांत अजून नांदतोच आहे.

विंचवाचें भय मात्र वऱ्हाडांतील मुलास हवेंच. तेथें आईनें जोडा झटकून मगच त्याच्या पायांत घालावा. पण केस विंचरावे तितक्या सहजपणें.