सर्व्हर न थांबवता

सकाळी 6. लोणारच्या धारेवरून परत येतोय तोच पुण्याहून ताईंचा मेसेज: मालवाहतुकीच्या भाड्याचा नियम आजच बदलायचाय, सर्व्हर मात्र थांबवायचा नाही.

8. पोहे खाता खाता लॅपटॉप उघडला. आमचा सर्व्हर जावातला, टॉमकॅटवर चालणारा. नियम जावात लिहिले की दर बदलाला कंपाइल करा, पुन्हा चढवा, तोवर गिऱ्हाईक खोळंबलेलं. म्हणून महिनाभर सर्व्हरच्या पोटात लिस्पचा इंटरप्रिटर बसवतोय. लिस्प 1958 ची, जावा 1995 ची. नातवाच्या घरात आजोबांना खोली देण्यातला प्रकार. घेतलीय आर्म्ड बेअर कॉमन लिस्प. ती जेव्हीएमवरच चालते, जार टाकली की झालं.

10. (+ 2 3) दिलं, 5 आलं. एवढ्याशा पाचाचा आनंद कोणाला सांगावा!

11.40. लाइट गेली, इन्व्हर्टरवर काम. नियमाची फाइल लोडच होईना. बाबा खिडकीतून, "काय मोजून राह्यला रे?"

"कंस, बाबा."

शेवटचा एक बंद करायचा राहिला होता. फाइल संपली तरी बिचारा इंटरप्रिटर त्याचीच वाट बघत होता.

2. ॲप पुन्हा चढवलं आणि नल पॉइंटर. तासभर डोकं धरून बसलो. चूक माझीच. जार मी टॉमकॅटच्या सामायिक लिब फोल्डरात टाकलेली. ॲप नवं आलं तरी आधीचा इंटरप्रिटर तिथेच जिवंत, आणि एकदा तयार झालेला असताना दुसरा मागितला की ही लिस्प सरळ नल हातात ठेवते. आता आधी 'आहेस का?' विचारतो, नसेल तरच नवा.

4.30. खरी भीती पुढे होती. चाचणीत दोन विनंत्या एकदम सोडल्या, तर एका ट्रकचं वजन दुसऱ्याच्या बिलात! वजन मी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये सेटक्यूने भरत होतो. ते सगळ्या थ्रेडांचं सामायिक. लेटने बांधलं की ज्याचं वजन त्याच्याच थ्रेडपुरतं. दोन ओळी बदलल्या, बिलं जागेवर.

नियम लिहायची खिडकी मात्र बाहेर कोणालाच देणार नाही. इव्हॅलच्या हातात अख्खा सर्व्हर असतो.

6.15. नवी फाइल ठेवली. पुढचंच बिल नव्या दराने निघालं, टॉमकॅट सकाळपासूनचाच.

7. सरोवराच्या काठावर एक पर्यटक विचारत होता, पाणी गुलाबी कुठंय? 2020 च्या जूनमध्ये झालं होतं, म्हटलं. तेवढ्यात ताईंचा मेसेज: रविवारी पाच टक्के सूट, जमेल?

उभ्या उभ्या फोनवरच कंस उघडला.