ओझें, अंतर आणि कामकऱ्याची कंबर

आमचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आला. वय अवघें बत्तीस. परंतु नमस्कारासाठीं वांकतांना त्याचा हात आधीं भिंतीकडे गेला. आठ वर्षें तो एका कारखान्यांत सुट्या भागांच्या पेट्या जमिनीवरून उचलून बाजूच्या पट्ट्यावर ठेवीत असे. आतां मणक्यांतील गादी सरकली आणि नोकरीही गेली. ‘मास्तर, घरीं म्हणतात, तुझ्या अंगांतच कस नाहीं,’ असें तो खालीं मान घालून म्हणाला. आम्हींही त्यास प्रथम सूर्यनमस्कारांचाच उपदेश केला. पुढें या विषयावर थोडें वाचल्यावर तो उपदेश मागें घ्यावा लागला.

धंदा आणि दुखणें यांचा संबंध कांहीं आज कळलेला नाहीं. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें इ. स. १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ हेंही विचारीत जावें, असें वैद्यांस सांगितलें. माणसास कामाच्या मापाचा न करतां काम माणसाच्या मापाचें करावें, या विद्येस आज अर्गोनॉमिक्स म्हणतात. ‘एर्गॉन’ म्हणजे कर्म व ‘नोमोस’ म्हणजे नियम, हे मूळचे ग्रीक शब्द.

आमच्याकडील १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांतही, इजा होण्याजोगें जड ओझें कोणास उचलावयास लावूं नये, असें कलम होतें. पण जड म्हणजे किती? केवळ तराजू याचें उत्तर देऊं शकत नाहीं. अमेरिकेंतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेनें १९९१ मध्यें सुधारून मांडलेलें सूत्र मात्र देतें, आणि तें सातवींतील मुलासही सुटेल. ओझें घोट्यांपासून २५ सें. मी.च्या आंत, ७५ सें. मी. उंचीवर, अंग न वळवितां उचलावयाचें असेल, तर मर्यादा २३ किलो.

आम्हीं विद्यार्थ्याकडून मापें विचारून घेतलीं. पेटी पायांपासून ५० सें. मी. दूर असे, म्हणजे मर्यादा निम्मी, ११.५ किलो. हात थेट जमिनीपर्यंत न्यावे लागत, ०.७८ नें गुणिलें, सुमारें ९ उरले. शिवाय कंबर ४५ अंश वळवावी लागे, ०.८६ नें गुणिल्यावर साडेसातांच्या किंचित् वर. पेटी होती १५ किलोंची! मिनिटास किती वेळां, किती उंच, पकड कशी, यांचे गुणक अजून लावलेच नव्हते; ते मर्यादा खालीं आणतात, वर कधींच नेत नाहींत.

ज्यांचें काम बसून, मान व हात अवघडवून चालतें, त्यांच्यासाठीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें १९९३ मध्यें ‘रूला’ ही पद्धति निघाली. तींत एकापासून सातापर्यंत गुण असतात. सात आले तर काम ताबडतोब बदलावें. (तीस वर्षें फळ्यावर हात उंच धरून लिहिलेल्या आमच्या खांद्यास कोणी किती गुण दिले असते, कोण जाणे!)

हीं मापें कचेरींत बसून मिळत नाहींत. फूटपट्टी घेऊन कामकऱ्याशेजारीं उभें राहावें लागतें, आणि कोठें दुखतें हें त्यास विचारावें लागतें. आमच्या विद्यार्थ्याची कंबर दोन वर्षें ठणकत होती. तेथें कोणीं विचारलें नाहीं, आणि नोकरीच्या भीतीनें त्यानेंही सांगितलें नाहीं. पेट्या कमरेइतक्या उंच मेजावर, अंगालगत ठेवून पट्टा समोर घेतला असता, तर हे तिन्ही गुणक एकावर आले असते.

हिशेबाचा कागद त्यानें दोनदां वाचला, आणि वडिलांस दाखवावयास हवा म्हणून मागून नेला.