दवाखाना सांभाळून दिग्दर्शन

सोलापुरात हौशी नाटकं बसवताना मी पोरांना डॉ. जब्बार पटेलांचं उदाहरण देतो. जन्म पंढरपूरचा, शाळा आमच्या सोलापुरातलीच, हरिभाई देवकरण. पुढे पुण्यात बी. जे. मेडिकल. १९७२ साली त्यांनी बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग त्यांच्या नाट्यसंस्थेनं थांबवले, तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि थिएटर अकॅडमी उभी राहिली. नाटकासाठी संस्था सोडायची तयारी लागते, ती अशी. पोटापाण्याला दौंडचा दवाखाना होता. म्हणूनच सिनेमा निवडताना गल्ल्याकडे बघावं लागलं नसावं, असं मला वाटतं. नाटककार तेंडुलकरांनी लिहिलेला त्यांचा सिनेमा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. ऊस, कारखाना आमच्या जिल्ह्याला रोजचेच. त्यामागची सत्ता इतकी उघडी मी पडद्यावर ‘सामना’तच पहिल्यांदा पाहिली.