कामाच्या रहाटगाडग्यात परभाषेचा सराव

प्राथमिक शिक्षकाचा दिवस किती भरगच्च असतो, हे प्राथमिक शिक्षकालाच सांगण्याचे कारण नाही. परिपाठ, हजेरीपट, शालेय पोषण आहाराची नोंद, दोन-दोन इयत्तांचे एकत्र अध्यापन, टाचणवही आणि केंद्रशाळेकडे पाठवावयाची माहिती एवढे सारे उरकेपर्यंत दिवस कलतो. अशा स्थितीत ‘इंग्रजीचा सराव वाढवावा’ अशी सूचना कोणी केली की ‘वेळ कोठून आणावा?’ हा प्रश्न मनात उभा राहणे स्वाभाविक होय. तो आळसातून उद्‌भवलेला नसून खरा आहे. म्हणूनच त्याचे उत्तर शोधावयास पाहिजे.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. वाडीवस्तीवरील मुलाच्या कानांवर दूरदर्शन वा भ्रमणध्वनी यांमधून इंग्रजी शब्द पडतात हे खरे. तथापि त्याच्याकडे पाहून, त्याचे उत्तर ऐकण्यासाठी इंग्रजीत बोलणारी व्यक्ती बहुधा एकच असते, ती म्हणजे त्याचा शिक्षक. शिक्षक ज्या दिवशी इंग्रजी बोलत नाही, त्या दिवशी त्या मुलाशी इंग्रजीत कोणीच बोलत नाही. शिक्षकाच्या सरावाचे महत्त्व एवढ्यावरून ध्यानात यावे.

कामातूनच भाषा : एक सोलापुरी उदाहरण

परभाषेचा अभ्यास म्हटला की स्वतंत्र तास, शांत खोली आणि पुढ्यात उघडलेले पुस्तक असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. या कल्पनेला छेद देणारे उदाहरण आपल्याच गावचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. जपानशी युद्ध चालू असलेल्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय सभेने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. १९३९ च्या आरंभी हे पथक यानान येथे पोहोचले आणि पुढे डॉ. कोटणीस उत्तर चीनमधील युद्धक्षेत्रात काम करू लागले.

तेथे फुरसत कसली? १९४० मधील एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. भाषा तर आपल्या भाषांहून सर्वस्वी निराळी. चिनी भाषेत ‘मा’ हे एकच अक्षर चार निरनिराळ्या सुरांत उच्चारले की आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार निरनिराळे अर्थ देते. लिपीत वर्णमाला नाही, प्रत्येक चिन्ह वेगळे शिकावे लागते. असे असूनही जून १९४० च्या सुमारास, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या परिचारिका क्वो छिंगलान यांची त्यांच्याशी प्रथम भेट झाली, तेव्हा ते चिनी बोलत होते व थोडे लिहितही होते. १९४१ मध्ये ते डॉ. बेथून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनी भाषेतून शिकवीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

रणक्षेत्रावर डॉक्टरची भाषा त्याच्या कामापासून वेगळी राहूच शकत नाही. ‘कोठे दुखते?’, ‘श्वास घ्या’, ‘पट्टी आणा’, ‘पाणी उकळा’ ही वाक्ये प्रत्येक रुग्णागणिक पुन्हा पुन्हा उच्चारावी लागतात, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस आपल्या कृतीने उत्तर देतो. पट्टी आली तर वाक्य बरोबर, न आली तर ते सुधारावयाचे. येथे काम हाच पाठ आणि काम हीच परीक्षा असते. कामामुळे भाषेला वेळ मिळत नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः काम हेच भाषेचे शेत होऊ शकते.

थोडे, परंतु वारंवार

या पद्धतीस मानसशास्त्राचाही आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःच्या स्मरणशक्तीवर दीर्घकाळ प्रयोग करून १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या मालिका पाठ करून त्यांतील किती टिकते हे तो मोजीत असे. त्याला असे दिसून आले की, पाठ केलेले प्रथम झपाट्याने आणि मग सावकाश विसरले जाते. बारा अक्षरसमूहांची मालिका एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा लाभ झाला, जवळजवळ तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी झाला. अर्थात रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज पाच-पाच मिनिटे तीन-चार वेळा दिलेली अधिक फलदायी ठरतात. ज्याच्यापाशी सलग वेळ नाही, अशा शिक्षकाची अडचण या ठिकाणी त्याच्या पथ्यावरच पडते.

दुसरी गोष्ट अशी की, पाठ पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवून पाहणे अधिक उपयोगी असते. आठविण्याचा प्रयत्न हाच खरा सराव होय, आणि त्याला पुस्तक, टेबल वा दिवा यांपैकी काहीच लागत नाही.

सराव कोठे बसवावा?

नवीन वेळ शोधण्यापेक्षा ठरलेल्या कामाला सराव जोडून द्यावा. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. शाळेच्या वाटेवर. आदल्या दिवशीची पाच वाक्ये मनातल्या मनात आठवावी. वाटेत जे दिसेल त्याचे एकेक वाक्य करावे : उसाची गाडी, मेंढरांचा कळप, बंद पडलेली मोटार. शब्द अडला तर तो लक्षात ठेवून शाळेत कोशात पाहावा.

२. हजेरीच्या वेळी. ‘ओपन युवर बुक्स’, ‘कम हिअर’, ‘हू इज अ‍ॅब्सेंट टुडे?’ यांसारखी दहा वाक्ये निवडून ती रोज इंग्रजीतूनच बोलावी. त्यांचे मराठी भाषांतर लगेच करू नये. हाताने खुणावून दाखवावे. पंधरवड्याने त्यांत पाच वाक्यांची भर घालावी.

३. मधल्या सुटीत. पोषण आहाराच्या पंगतीत ‘मोअर राइस?’ एवढेच विचारावे. पोटाशी निगडित प्रश्नाचे उत्तर मुले फार लवकर शिकतात.

४. टाचण लिहिताना. दुसऱ्या दिवशीच्या टाचणात एक ओळ इंग्रजीत लिहावी व ती एकदा मोठ्याने वाचावी.

५. घरी स्वयंपाक किंवा आवराआवर करताना. आकाशवाणीवरील इंग्रजी बातमीपत्र चालू ठेवावे. सर्व समजले पाहिजे असा आग्रह नको. त्यातील एक वाक्य निवेदकाच्या मागोमाग उच्चारून पाहावे.

ही सर्व मिळून पंचवीस-तीस मिनिटे होतात. परंतु घड्याळात पाहिले तर त्यांपैकी फारच थोडी मिनिटे अन्य कामातून काढून घ्यावी लागतात.

दोन अडचणी

पहिली अडचण उच्चाराची. बोलण्यातील मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकारामुळे सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यालगत येते. म्हणून सुटे शब्द पाठ न करता पूर्ण वाक्येच तोंडात बसवावी. भ्रमणध्वनीवर स्वतःचे एखादे वाक्य ध्वनिमुद्रित करून ऐकल्यास स्वतःचा दोष स्वतःलाच कळतो; दुसऱ्याने तो दाखविण्याची वेळ येत नाही.

दुसरी अडचण संकोचाची, आणि ती अधिक कठीण आहे. चूक होईल या भीतीने शिक्षक गप्प राहतो. तो गप्प राहिला की मुलेही चूक करण्यास भितात. यावर सोपा उपाय म्हणजे सोबती. शेजारच्या शाळेतील एखाद्या शिक्षक-भगिनीशी वा बंधूशी आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर दहा मिनिटे केवळ इंग्रजीत बोलावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी चहाच्या वेळी हाच परिपाठ ठेवावा. दोघेही शिकणारे असले की हसे होण्याचे भय उरत नाही.

आपल्या जिल्ह्याचे भांडवल

या कामी सोलापूरकरांचे भांडवल लहान नाही. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड, सोलापूर शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगू, आणि सर्वत्र मराठीच्या जोडीला उर्दू व दखनी. येथील कित्येक मुले घरी एक, गल्लीत दुसरी व शाळेत तिसरी भाषा सहज बोलतात. त्यांनी या भाषांसाठी वेगळा तास कधी काढला नाही. खेळताना, सौदा करताना, भांडताना त्या आत्मसात केल्या. मूल जे गल्लीत करते, तेच शिक्षकाने शाळेच्या आवारात करून पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

डॉ. कोटणीस यांचे सोलापुरातील घर आज स्मारकरूपाने जतन केलेले आहे. सहलीच्या निमित्ताने मुलांना तेथे अवश्य न्यावे. त्यांच्या त्यागाची कथा तर सांगावीच. परंतु आपल्या गावच्या या डॉक्टरने जखमी माणसाशी बोलता यावे म्हणून हातातले काम न सोडता एक अवघड भाषा शिकून घेतली, हेही सांगावयास विसरू नये. आणि सांगून झाल्यावर मुलांना परतीच्या रांगेत उभे करताना पहिली सूचना इंग्रजीत द्यावी.